‘खोल दो’ : साक्ष की हुकूम?

सआदत हसन मंटोंची फाळणीवरची ‘खोल दो’ ही कथा शरीराने दिलेली साक्ष म्हणून वाचली जाते. मला हे वाचन अपुरे वाटते. छावणीच्या दवाखान्यात डॉक्टर खिडकी उघडायला सांगतात आणि बलात्कार सोसून निपचित पडलेल्या सकिनाचे हात सलवारीची नाडी सोडतात. ते हात घडलेले सांगत नाहीत, हुकूम पाळतात. शरीरापुरता तो प्रसंग अजून चालूच आहे. बापाला त्या हालचालीत फक्त मुलीचा जीव दिसतो. डॉक्टरांना घाम फुटतो. मंटो १९५५मध्ये गेले. अमेरिकी मनोविकारशास्त्राने आघातोत्तर तणावविकाराला अधिकृत स्थान दिले १९८०मध्ये. कथेत निदान नाही. वाचणे आणि सुटणे यांतले अंतर मात्र तिने अचूक मोजले आहे.