'बारोमास' आणि आमचें आभाळ

श्री. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी वऱ्हाडची. पण उमरीस बसून वाचतांना ती परकी वाटत नाहीं. शिकून बेकार राहिलेल्या एकनाथाच्या घरांतील कलह म्हणजेच कोरडवाहू शेतीचा जमाखर्च, हें लेखकानें न सांगतां दाखविलें आहे. (असे एकनाथ आमच्या वर्गांत प्रतिवर्षीं भेटतात.) तथापि त्यानंतर संकटाचें रूप पालटलें. तापलेल्या हवेंत बाष्प अधिक मावतें. त्यामुळें पाऊस आला कीं कोसळतो, एरवीं दडी मारून बसतो. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०२५ च्या सप्टेंबरांत याच मराठवाड्यांत उभें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. तहान आणि पूर दोन्ही ज्याच्या वाट्यास आलीं, त्या दोन एकरांच्या धन्याची कादंबरी अद्याप माझ्या वाचनांत आलेली नाहीं.