झेरॉक्समध्ये हरवलेला करडा रंग

यंदाच्या अंकासाठी काय लिहिता, असे संपादकांनी फोनवर विचारले तेव्हा मी म्हटले, "नसरीन मोहमदी यांनी काढलेल्या वाळूच्या फोटोंवर." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "जरूर लिहा, पण त्यात समाज कुठे येतो तेवढे बघा." त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्या वार्षिकांतून दंगल आली, तलाक आला, शिक्षण आले, बेरोजगारी आली आणि ती यायलाच हवी होती. माझे स्वतःचे कुटुंब 1993 साली मुंबईतले राहते घर सोडून मुंब्र्याला आले. तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. अशा घरातल्या बाईने ओल्या वाळूवरच्या रेघांविषयी पंधराशे शब्द लिहावेत, याचे मलाही थोडे अवघडल्यासारखे होते. तरी लिहिते आहे, कारण नसरीन मोहमदी हे नाव आपल्या अंकांतून माझ्या वाचनात कधी आले नाही. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात अलिबागजवळच्या किहीमला नसरीन यांचे निधन झाले. कोकणच्या किनाऱ्यावर ही बाई वाळूकडे बघत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

थोडी ओळख करून देणे भाग आहे. जन्म 1937, कराची. लहानपणीच कुटुंब मुंबईला आले. आई फार लवकर गेली. वडिलांचे बहारीनमध्ये फोटोच्या सामानाचे दुकान होते, म्हणजे कॅमेरा या घराला परका नव्हता. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, मग मुंबईतली भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट. तिथे गायतोंडे, तय्यब मेहता यांचा सहवास मिळाला. पुढे काही काळ पॅरिस, आणि 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलाशिक्षिका. भाऊ अल्ताफ मोहमदी हेही चित्रकार. नसरीन यांची ख्याती आहे ती कागदावर शाईने आणि पेन्सिलीने, नकाशे काढणाऱ्यांच्या उपकरणांनी ओढलेल्या अतिशय बारीक रेषांसाठी. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी त्या कागदावरच्या रेषा ढळल्या नाहीत. कॅमेऱ्याचे काम मात्र त्यांनी स्वतःपाशीच ठेवले. हयातीत ही छायाचित्रे त्यांनी प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांना नावे दिली नाहीत, पुष्कळांवर तारीखही नाही. जगाने त्यांना उशिरा पाहिले. 2007 साली जर्मनीत कासेलच्या 'डॉक्युमेंटा'त त्यांचे काम होते. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचे होते. ती शाखा 2020 साली बंदही झाली.

या फोटोंचे एक पुस्तक मला काही दिवसांसाठी मिळाले. मी कल्याणच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांना दाखवावे म्हणून दोन-तीन पानांची स्टेशनजवळ झेरॉक्स काढली आणि आठवीच्या वर्गात फिरवली. कोणी म्हणाले, "मिस, ये एक्स-रे है." कोणी म्हणाले, कंगवा. एकीने विचारले, "इसमें समंदर किधर है?" मला हसू आले, पण कागद परत हातात घेतला तेव्हा लक्षात आले की मुलांचे बरोबर होते. झेरॉक्सच्या यंत्राने काळे तेवढे काळे आणि पांढरे तेवढे पांढरे केले होते. मधला करडा सगळा उडाला होता. हातात उरल्या होत्या रेषा, म्हणजे जवळपास नसरीन यांची रेखाचित्रे.

दुसऱ्या दिवशी मी मूळ पुस्तकच वर्गात नेले. वर्गात एक मुलगा आहे. शेवटच्या बाकावर बसतो, निबंधात चार ओळींच्या पुढे जात नाही. त्याच्या घरची माणसे खाडीच्या रेतीच्या होड्यांवर काम केलेली. त्याने पान बघितले, गडद भागावर बोट ठेवले आणि म्हणाला, "मिस, पानी अभी उतरा है. ये गीला है, ये सूख रहा है." मग बोट फिरवून पाणी कोणत्या बाजूला परतले तेही सांगितले. मी तोपर्यंत या छायाचित्रांविषयी बरेच वाचले होते: अमूर्तता, अवकाश, लय, शून्य. पाणी आत्ताच उतरले आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

माझे म्हणणे या मुलाच्या बोटापासून सुरू होते. नसरीन यांच्या छायाचित्रांवर लिहिणारे बहुतेक जण त्यांना रेखाचित्रांच्या दारापर्यंत नेणारी पायरी समजतात. आधी डोळ्याने वाळूतली रेघ टिपली, मग टेबलावर बसून ती शुद्ध केली, असा हा हिशेब. नाते आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. करघ्यावर ताणलेले धागे, फत्तेपूर सिक्रीची अंगणे, रस्त्यावरचे पट्टे आणि समुद्राची कड या सगळ्यांत एकच नजर रेषा शोधत फिरते. पण छायाचित्राला असे कच्चे काम मानणे म्हणजे माझ्या झेरॉक्सवाल्याने केले तेच करणे. रेषा घ्यायची आणि करडा टाकून द्यायचा. छायाचित्राचा जीव तर त्या करड्यात आहे. कागदावरची रेषा कोणीतरी ओढलेली असते. वाळूतली रेघ कोणी ओढत नाही. लाट येते, परत फिरते, दाण्यांच्या फटींत पाणी राहते तिथे वाळू काळी दिसते आणि निथळते तिथे फिकी होते. आपल्याला दिसते ती रेघ म्हणजे ओले आणि कोरडे यांची हद्द आहे, आणि बघता बघता ती सरकते. सहा तासांनी भरती येऊन सगळे पुसून टाकते. म्हणून या फोटोंत एक घाई आहे, जी रेखाचित्रांत नाही. फोटो काढणारी व्यक्ती खाली मान घालून उभी आहे आणि तिला ठाऊक आहे की हे राहणार नाही.

कृष्णधवल का, याचेही उत्तर इथेच मिळते. किहीमची वाळू करडी, काळपट. रंगीत फोटोत ती भुरकट, मळकट दिसेल आणि आपण 'बीच' पाहतो आहोत एवढेच मनात येईल. रंग काढला की ओल आणि उन्हाची तिरीप एवढेच उरते. सूर्य डोक्यावर असताना वाळू सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा अस्राच्या नमाजानंतर ऊन आडवे झाले की प्रत्येक कंगोऱ्याला सावली फुटते. त्यात फोटोतून क्षितिज काढून टाकले की आकाराचा अंदाज जातो. हे वीतभर वाळूचे चित्र आहे की विमानातून दिसणाऱ्या वाळवंटाचे, हे कळत नाही. काही फोटोंपुढे मी खरोखरच गोंधळले. हा गोंधळ त्यांनी मुद्दाम ठेवला असावा असे मला वाटते, आणि तो फार सुंदर आहे.

जवळून घेतलेल्या अशा फोटोंची परंपरा पाश्चात्त्य देशांत मोठी आहे. जर्मनीत कार्ल ब्लोसफेल्ट नावाचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांना आकार शिकवता यावेत म्हणून ते वर्षानुवर्षे कोंब, देठ, कळ्या यांचे मोठे करून फोटो काढत राहिले, आणि त्यांचे पुस्तक 1928 साली आले तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. (आमच्या शाळेत शैक्षणिक साधने म्हणजे भिंतीवरचे तक्ते. त्यातले अर्धे फाटलेले.) अमेरिकेचे एडवर्ड वेस्टन यांनी 1927 साली शंखांचे आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावरच्या खडकांचे, समुद्रवनस्पतींचे फोटो काढले. वेस्टन यांचा शंख पाहताना पहिल्यांदा दडपून जायला होते. काळ्या पार्श्वभूमीवर तो एकटा, दिव्यासारखा उजळतो. पण वेस्टन यांना वस्तू हवी असते, ती मधोमध हवी असते आणि तिच्यात कुणाचे तरी शरीर दिसावे अशी योजना असते. नसरीन यांच्या वाळूवर वस्तूच नाही. शंख नाही, शिंपला नाही, उचलून घरी नेण्यासारखे काही नाही. आहे तो केवळ पृष्ठभाग, त्यावरून नुकतेच काहीतरी गेले आहे असा. वेस्टन यांचे कौशल्य मोठे आहे, पण मला नसरीन यांचा संयम त्याहून अवघड वाटतो.

आता आपल्या लोकांचा आवडता प्रश्न. हे पुस्तक घरी टेबलावर पडलेले होते. माझ्या सासऱ्यांनी चष्मा लावून ते चाळले, मिटले आणि म्हणाले, "जानदार काही नाही यात. ठीक आहे." त्यांच्या दृष्टीने मामला मिटला. गंमत अशी की बरेच इंग्रजी समीक्षक फिरून फिरून तिथेच येतात: चेहरा नाही, आकृती नाही, भूमिती आहे, म्हणजे इस्लामी कला. कोणी सूफी म्हणतो, कोणी झेन. मुस्लिम नाव असलेल्या बाईने रेघ काढली की ती जाळीच असली पाहिजे, असा हा आग्रह. नसरीन यांना फत्तेपूर सिक्री आवडत होती, त्यांनी ती छायाचित्रांत उतरवली, हे खरेच. पण त्याच डोळ्याने त्यांनी डांबरी रस्ताही पाहिला आणि किहीमची ओहोटीही पाहिली. ओहोटीचा मजहब कोणता? आपण अभिमानाने त्यांना 'आपल्या' म्हणावे, मला ते आवडेल. पण तसे म्हणण्यासाठी वाळूची जाळी करायची गरज नाही. याच किहीमच्या परिसरात 1930 साली सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांचे घरटे बांधणे दिवसेंदिवस बसून पाहिले. त्या निरीक्षणाला आपण इस्लामी पक्षीशास्त्र म्हणत नाही. धीराने पाहणे म्हणतो.

एवढे कौतुक केल्यावर माझी एक तक्रारही मांडते, आणि संपादकांनी विचारलेला समाज मला तिथे दिसतो. पुस्तक परत करण्याआधी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारले होते, "मिस, इनकी रेती पे कोई चलता नहीं क्या?" आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात समुद्रकिनारा नाही, खाडी आहे. मुंब्र्यालाही रेतीबंदर आहे आणि कल्याणलाही. आमच्याकडे रेती ब्रासने मोजतात, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. बुडी मारून तळाची रेती बादलीने वर काढणारे लोक होते, नाकातोंडात गढूळ पाणी जाणारे. मग पंप आले, मग कोर्टकचेऱ्या आणि बंदी आली, रात्रीच्या होड्या आल्या. या गावांतल्या इमारती त्याच रेतीने उभ्या आहेत, माझा चौथा मजलासुद्धा. अशा ठिकाणाहून नसरीन यांची निर्मनुष्य वाळू पाहिली की मन थोडे खट्टू होते. किहीमलाही होड्या होत्या, जाळी होती, कोळ्यांची वस्ती होती. ती या चौकटींत येत नाही. ज्यांचे किनाऱ्यावर घर आहे आणि ज्यांना वाळूत काम करायचे नाही, त्यांनाच अशी कोरी वाळू सापडते, असे कोणी म्हटले तर मी त्याला झटकून टाकणार नाही.

पण यावरून फोटो खोटे ठरतात, असेही मी म्हणणार नाही. माणसे दाखवली की सामाजिक भान आले, हे समीकरण आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. ज्या मुलाने पाऊल का नाही असे विचारले, त्यानेच वर्गात सगळ्यांच्या आधी पाणी उतरलेले ओळखले होते. त्याच्या घरची मेहनत त्या फोटोत नव्हती, पण त्या मेहनतीतून आलेले ज्ञान तिथे उपयोगी पडले. त्या दिवशी वर्गात प्रथमच सगळ्यांनी त्याचे ऐकून घेतले. हे श्रेय नसरीन यांना किती द्यायचे ते ठरवता येत नाही, पण काहीतरी द्यावे लागेल.

गेल्या हिवाळ्यात मी एकदा किहीमला गेले. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून पुढे रस्त्याने. रविवार होता, ती माझीच चूक. घोडागाड्या, भुट्ट्याच्या शेगड्या, सुरूच्या झाडांखाली गाड्यांची रांग. ओहोटी लागेपर्यंत बसले आणि मग गर्दी मागे टाकून बरीच चालत गेले. एका ठिकाणी पाणी नुकतेच परतले होते आणि वाळू काळ्या आरशासारखी होती. मोबाइल कृष्णधवलवर ठेवून खाली मान घालून मी दहा-बारा फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर बहुतेक हललेले. एक बरा आला होता, त्याच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या चपलेचा अर्धा ठसा होता आणि त्यात पाणी साचायला लागले होते. नवरा म्हणाला, तेवढा कोपरा काप, चांगला दिसेल. मी कापला नाही. सोमवारी त्या मुलाला दाखवला, तर तो म्हणाला, "मिस, यहाँ रेती पोली है, ज़्यादा देर खड़े नहीं रहना चाहिए था."