मागे पडलेली यंत्रे : टीव्ही गेमचा मराठवाडी हिशेब

'मागे पडणे' हा शब्दप्रयोग आम्हा मराठवाड्यातल्या माणसांच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९८४ साली दांडेकर समितीचा अहवाल आला आणि 'अनुशेष' हा शब्द सरकारी तक्त्यांतून आमच्या पारावरच्या गप्पांत येऊन बसला. बीड शहरात रेल्वे पोचायला २०२५चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्यामुळे कोणी एखाद्या गोष्टीला मागे पडलेली म्हटले की मला आधी विचारावेसे वाटते, कुठल्या वाटेवर आणि कोणाच्या मागे? गेली काही वर्षे मी जुने टीव्ही गेम, त्यांच्या कॅसेटी आणि खोकी गोळा करतो आहे. त्या खटाटोपात हाच प्रश्न वारंवार आडवा आला.

टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला जगात 'कन्सोल' म्हणतात. आमच्याकडे त्याला टीव्ही गेम किंवा नुसते व्हिडिओ गेम म्हणायचे आणि त्यात घालायच्या डबीला 'कॅसेट'. एकाच काळात दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बाजारात उतरतात, एखादे धो धो खपते आणि एखादे गोदामात पडून राहते. असे का होते, यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन यंत्राच्या पोटात डोकावून थांबते. कोणाची चिप किती बिटांची, कोणाच्या चित्रात किती रंग, कोणाकडे डिस्क आणि कोणाकडे कॅसेट, असा तो ताळा असतो. हे तपशील खोटे नाहीत, पण त्यांतून निकाल लागत नाही.

सेगा या जपानी कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र पाहा. ते जपानमध्ये २९ ऑक्टोबर १९८८ला विक्रीला आले. त्याच्या सहाच दिवस आधी प्रतिस्पर्धी निन्टेन्डोने 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' बाजारात आणला होता, तोही पाच वर्षे जुन्या यंत्रावर. जपानी पोरे जुन्या यंत्राला चिकटून राहिली आणि नवे, ताकदीचे मेगा ड्राइव्ह स्वतःच्याच देशात कायम मागे राहिले. तेच यंत्र अमेरिकेत 'जेनेसिस' या नावाने निन्टेन्डोच्या तोंडचे पाणी पळवत होते. आणि ब्राझीलमध्ये? तिथे १९८७ साली स्थापन झालेल्या टेकटॉय कंपनीने सेगाची यंत्रे देशातच बनवायला घेतली. मास्टर सिस्टीम हे सेगाचे आधीचे यंत्र अमेरिकेत आणि जपानात निन्टेन्डोपुढे टिकले नव्हते. ब्राझीलमध्ये मात्र ते घराघरांत गेले आणि पुढे कित्येक वर्षे विकले जात राहिले. टेकटॉयने १९९१ साली एका लांबलचक जपानी खेळाचे पोर्तुगीज भाषांतर केले. त्याच वर्षी दुसऱ्या एका खेळातला नायक काढून तिथे ब्राझीलच्या लाडक्या चित्रकथेतली मोनिका बसवली. आपल्याकडे कोणी चिंटूला तलवार देऊन टीव्हीत उतरवावे, तसला हा प्रकार. चिप तीच होती, बिट तेवढेच होते. एका देशात हरलेले यंत्र दुसऱ्या देशात जिंकत असेल, तर हरण्याचे कारण यंत्रात शोधून कसे सापडेल?

भारतात १९९५च्या एप्रिलमध्ये सेगाने शॉ वॉलेस या कंपनीशी करार केला. ही कंपनी लोकांना ठाऊक होती ती मुख्यतः मद्यासाठी. बाहेरून आणलेल्या यंत्रावर तेव्हा ८० टक्के आयातशुल्क लागे. ते चुकवायचे तर माल इथेच तयार करणे भाग होते. म्हणजे कागदोपत्री ब्राझीलचाच मार्ग. पण किंमत पडली १८,००० रुपये. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने पाच हजारांच्या आत मिळत होते. जवळजवळ चाळीस ग्रॅम सोन्याच्या भावाचे खेळणे बीडमध्ये कोण घेणार होते? मुंबईतही फार थोड्यांनी घेतले असावे. शिवाय यंत्र घेतले तरी पुढची कॅसेट कुठून आणायची, हा प्रश्न उरलाच.

आमच्या गल्लीत त्या काळात जे आले, ते निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल होते. त्या यंत्राचे अख्खे काम एका स्वस्त चिपेत बसवून तैवान आणि चीनमध्ये लाखोंनी डबे तयार होत होते. रशियात ते 'डेंडी' नावाने विकले गेले, पोलंडमध्ये 'पेगासस' नावाने. आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावे होती आणि बरेच डबे बिनानावाचेही. मेगा ड्राइव्हशी तुलना केली तर हे एक पिढी जुने यंत्र. तरीही अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, जिथे जाल तिथे तेच. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत दहा-वीस खेळ पुन्हापुन्हा फिरवलेले. फसवणूक उघड होती, पण ती कोणी मनाला लावून घेतली नाही, कारण कॅसेट शेजाऱ्याकडून बदलून मिळत होती. संपर्क खराब झाला की फुंकर मारायची, अडॅप्टर जळला तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्यायचा. एखाद्या दुकानात ताशी पैसे देऊन खेळता येत होते. यंत्राभोवती एक साखळी तयार झाली होती आणि तिची प्रत्येक कडी गावातच होती.

विजेचाही विचार करायला हवा. परळीला औष्णिक केंद्र असूनही आमच्या तालुक्यांनी भारनियमनाचे दिवस कसे काढले, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या डब्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. दिवे गेले की सगळे मुसळ केरात. पण 'काँट्रा' असो की रणगाड्यांचा खेळ, अर्ध्या तासात डाव आटोपतो, आणि गेलाच तर नव्याने मांडायला कोणाला कंटाळा येत नाही. चाळीस-चाळीस तास चालणारा खेळ भारनियमनाच्या वेळापत्रकात बसत नव्हता. तांत्रिक प्रगती म्हणून जी गोष्ट मोजली जाते, ती इथे अडचण ठरली असती. कन्सोलच्या इतिहासकारांनी हा मुद्दा कधी मोजलेला माझ्या पाहण्यात नाही.

साखळी तुटल्यावर काय होते, याचा जगातला सगळ्यात बोलका दाखला पुन्हा सेगाचाच आहे. नोव्हेंबर १९९४मध्ये या कंपनीने अमेरिकेत मेगा ड्राइव्हला जोडायचे '३२एक्स' नावाचे उपकरण विकले. पुरते सहा महिने झाले नाहीत तोच, ११ मे १९९५ला, लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात तिने 'सॅटर्न' हे वेगळेच यंत्र जाहीर केले आणि ते आजपासूनच दुकानांत मिळेल असेही सांगितले. किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचा माणूस मंचावर गेला, '२९९' एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरला. हा किस्सा सगळेच सांगतात, आणि शंभर डॉलरांच्या फरकाने सॅटर्न बुडाले असा त्याचा अर्थ लावतात. मला त्याच दिवशीची दुसरी बाब मोठी वाटते. या घाईत सेगाने मोजक्याच दुकानांना माल दिला होता. के-बी टॉइज ही खेळण्यांच्या दुकानांची मोठी साखळी डावलली गेली आणि तिने पुढे सेगाचा माल ठेवायलाच नकार दिला. खेळ तयार करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे खेळ तेव्हा अर्धवट होते, कारण त्यांनाही तारीख वेगळीच सांगितली होती. ज्यांनी ३२एक्स घेतले होते त्यांच्या हाती धुपाटणे राहिले. कंपनी, दुकानदार, खेळ लिहिणारा आणि गिऱ्हाईक, चारही कड्या एकाच सकाळी सैल झाल्या.

एकदा न उगवलेले बियाणे देणाऱ्या दुकानात आमचा कापूस उत्पादक पुढच्या मृगाला जात नाही, बियाणे कितीही चांगले असो. सेगाचे पुढचे यंत्र 'ड्रीमकास्ट' खरोखर चांगले होते. टेलिफोनच्या तारेवरून खेळायची सोय त्यात मुळातच होती. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने त्याच्यासाठी एकही खेळ काढला नाही आणि सोनीचे दुसरे प्लेस्टेशन येते आहे म्हणून लोक थांबून राहिले. मार्च २००१मध्ये उत्पादन बंद झाले. विक्री एक कोटीच्या आतच राहिली. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनने दहा कोटींचा आकडा ओलांडला.

इथे कोणी म्हणेल, शेवटी चांगले खेळ असले की झाले. तसेही नाही. निन्टेन्डोचे 'वी यू' हे यंत्र २०१२मध्ये आले आणि सुमारे १ कोटी ३५ लाखांवर संपले. त्याच्या आधीचे 'वी' दहा कोटींवर गेले होते. नाव इतके सारखे की हे नवे यंत्र आहे की जुन्याचाच एखादा जोड, हे गिऱ्हाइकाला कळेना. त्यावरचा 'मारिओ कार्ट ८' हा शर्यतीचा खेळ २०१७मध्ये थोडी भर घालून 'स्विच' या पुढच्या यंत्रावर आला आणि सहा कोटींहून अधिक प्रती खपला. खेळ मुळात तोच होता.

भारतातल्या पुढच्या घडामोडी झपाट्याने सांगता येतील. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६मध्ये आले, अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना जाहिरातीत घेऊन. स्वस्तातले रूपही वीस हजारांच्या घरात होते. सोनीने उलटी चाल खेळली. जगात जुने झालेले दुसरे प्लेस्टेशन तिने इथे किंमत उतरवत चालू ठेवले आणि २००९मध्ये हैदराबादेत तयार झालेले 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे खेळ त्यावर आणले. 'देसी अड्डा'त कबड्डी होती, विटीदांडू होता. खेळ म्हणून दोन्ही सामान्यच. नकली डिस्कमुळे यंत्र पसरले, हे खरे. पण त्याच डिस्कमुळे इथल्या खेळ लिहिणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही, हेही तितकेच खरे. ब्राझीलने जे १९९१मध्ये केले ते आपण १८ वर्षांनी, तेही बिचकत केले.

बीडपुरते पाहिले तर एक कारण या सगळ्यांहून जड आहे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने घराला कुलूप. भिंतीतल्या प्लगाला आणि टीव्हीला बांधलेले यंत्र, मग ते कितीही बिटांचे असो, फडावरच्या कोपीत येऊ शकत नाही. मोबाइल येतो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, २०१८मध्ये पब्जी आले आणि सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, तोवर कोयत्याबरोबर गेलेली पोरेसुद्धा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून तो खेळत होती. शहरी अभ्यासक म्हणतात, भारताने कन्सोलचा टप्पा ओलांडून थेट मोबाइलवर उडी मारली. ज्यांच्या घरात वर्षातले सहा महिने भिंतच नसते, त्यांच्यापुढे उडीचा पर्याय कधी होता?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये जगापुढे आला. भारतीय पुराणकथांवर बेतलेला हा देखणा खेळ आधी स्विचवर उतरला. त्या वेळी निन्टेन्डोचे भारतात अधिकृत विक्रीचे जाळेच नव्हते. पुण्यात जन्मलेला खेळ पुण्यातल्या दुकानात सरळपणे मिळू नये, याचे मला अजून नवल वाटते.

मी हाताळलेल्या एकाही कन्सोलच्या पडद्यावर मला मराठी अक्षर दिसलेले नाही. ते दिसते कॅसेटींच्या पाठीवर. माझ्याकडच्या अनेक कॅसेटींवर पोरांनी बॉलपेनने नावे घातली आहेत, कारण वरचे इंग्रजी लेबल खोटे असायचे आणि आत काय आहे हे लक्षात ठेवायला हवे होते. 'बॅटल सिटी'ला रणगाडा, 'सर्कस चार्ली'ला वाघवाला. एका कॅसेटवर तीन मुलांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे वार लिहिला आहे, कोणाकडे ती कधी राहील याचा. बुधवार दोनदा खोडला आहे.