पार्किन्सनग्रस्तांचे पडणे, भौतिकोपचार आणि खर्चाचा हिशेब : एक चिकित्सा

पार्किन्सन अर्थात कंपवात या व्याधीत तोल सांभाळण्याची क्षमता उत्तरोत्तर क्षीण होत जाते व रुग्ण वारंवार पडतो. पडणे, अस्थिभंग, परावलंबन आणि पुन्हा पडण्याची धास्ती अशी ही साखळी आहे. केवळ औषधांनी ती तुटत नाही. म्हणून भौतिकोपचाराचा आधार घेतला जातो. त्यावरील खर्च सार्थ ठरतो काय, या प्रश्नाला दोन देशांत मिळालेल्या उत्तरांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ब्रिटनमधील ‘पीडीसेफ’ या यादृच्छिक नियंत्रित चाचणीत ४७४ रुग्ण होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी येऊन दिलेल्या व्यक्तिनिष्ठ भौतिकोपचाराने वारंवार पडण्याचे प्रमाण एकंदरीत घटले नाही; मात्र तोल आणि आत्मविश्वास सुधारला. २०२० मधील आर्थिक विश्लेषणात दरडोई खर्च ९२५ पौंडांनी वाढलेला दिसला. एका गुणवत्ता-समायोजित जीवनवर्षामागे सुमारे १ लाख २० हजार पौंड पडत होते, तर तेव्हाची स्वीकार्य मर्यादा २० ते ३० हजार पौंड होती. सबब ही योजना खर्चाच्या दृष्टीने परिणामकारक नाही, असा निर्णय झाला.

हिशेब चुकीचा नाही. परंतु तो सरासरी रुग्णाचा आहे. याच चाचणीत मध्यम अवस्थेतील रुग्णांना लाभ झाल्याचे, तर तीव्र अवस्थेतील रुग्ण अधिक पडल्याचे संकेत मिळाले. एकाचा लाभ व दुसऱ्याची हानी यांची बेरीज शून्याजवळ येणे स्वाभाविकच होय.

ऑस्ट्रेलियातील २३१ रुग्णांच्या चाचणीचे आर्थिक विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे एक पडणे टाळण्यास ५७४ डॉलर लागले. मात्र एका गुणवत्ता-समायोजित जीवनवर्षासाठी ३ लाख ३८ हजार ८०० डॉलर! व्यायाम तोच, रुग्ण तेच. केवळ मोजपट्टी बदलली. जीवनमानाच्या सर्वसाधारण प्रश्नावलीत तोल किंवा पडण्याची धास्ती यांना स्वतंत्र स्थान नसते, हे त्यामागील एक कारण संभवते. विशेष म्हणजे सौम्य अवस्थेतील गटात उपचार अधिक गुणकारी आणि कमी खर्चाचाही ठरला.

उपगटांवरील निष्कर्ष जपूनच स्वीकारावे लागतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि दोन स्वतंत्र चाचण्या एकाच दिशेने बोट दाखवीत असतील, तर त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. ‘भौतिकोपचार परवडतो काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या अवस्थेतील रुग्णाला, केव्हा व कोणत्या देखरेखीखाली’ असा तो विचारला पाहिजे. अन्यथा सरासरीच्या आधारे दिलेला नकार, ज्याचे पडणे वेळीच टळू शकले असते त्या रुग्णावर अन्याय करील. आणि सरसकट दिलेला होकार तीव्र अवस्थेतील रुग्णाला धोक्यात लोटील.