बघायला जाणं

संयोजकांचा फोन आला, सर विषय काय लिहू पत्रिकेत? मी म्हणालो, 'बघायला जाणं'. पलीकडं जरा शांतता. मग हळूच विचारणा झाली, "स्थळ बघायला का सर?" (हशा) आता तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराकडून लोक माया, ब्रह्म, काहीतरी जड अपेक्षितात. पण पस्तीस वर्षं वर्गात 'प्रत्यक्ष म्हणजे काय' हे शिकवल्यावर माझ्या ध्यानात आलं की आपण कोल्हापूरकर प्रत्यक्षात काय बघतो, कसं बघतो, यावर एकदासुद्धा बोललो नाही. ती बाकी आज चुकती करतो.

आपल्याकडं एक सहल अशी आहे जी कुठल्याही पर्यटनाच्या पुस्तिकेत सापडणार नाही. पूर बघायला जाणं. जुलै उजाडला, दोन दिवस झड लागली, की घराघरांत एकच प्रश्न: "पाणी किती झालं?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या पोरांना तेराच्या पाढ्याआधी येतात. धावसंख्या विचारावी तसं आपण फूट आणि इंच विचारतो. मीही नेत होतो पोरांना. स्कूटरवर पुढं धाकटी उभी, मधे थोरला, मागं आमच्या सौभाग्यवती छत्री सावरत. शिवाजी पुलाच्या बाजूला गर्दी, तिखटमीठ लावलेली कणसं, आणि घाटावरच्या देवळांचे फक्त कळस पाण्याबाहेर. पोरं विचारायची, "बाबा, ते काय वाहत आलं?" ओंडका असायचा, कडब्याची पेंडी असायची. एकदा एक लाकडी पाट गेला, देवघरातला असावा. आम्ही बघितला, कणीस संपवलं आणि घरी आलो.

यात वाईट काय? वर्षानुवर्षं मला काही वाटलं नव्हतं. नदी आपली, तिला वाढलेली बघायला जाणं यात एक आपलेपणही आहे. म्हातारी माणसं ओटी भरतात पुराच्या पाण्याची. ते बघणंच आहे, पण हात जोडून.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद, शहरात दुधाची, पेट्रोलची मारामार, ते सगळं आपण भोगलंय, मी सांगायला नको. माझा एक जुना विद्यार्थी नदीकडच्या पेठेत राहतो. तीन दिवस गच्चीवर होता, आईला घेऊन. पाणी ओसरल्यावर मी भेटायला गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. तो म्हणाला, "सर, गच्चीवरनं दुसरं काय करणार, आम्ही बघायला आलेल्यांना बघत बसलो होतो. एकाच्या खांद्यावर बारकं पोरगं होतं. त्यानं आम्हाला टाटा केला."

मंडळी, मी काही बोललो नाही. ते पोरगं माझ्या खांद्यावर बसलेलं असू शकलं असतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते माझंच होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. दोन वर्षांनी, २०२१ ला, परत पाणी आलं तेव्हा बघणाऱ्यांच्या हातात कणसाऐवजी मोबाईल जास्त होते. वरून ड्रोन, खाली हलगीचं संगीत, आणि आपलं शहर पाण्यात कसं 'भारी' दिसतंय त्याची पंधरा सेकंदांची चित्रफीत. मी पोरांना दोष देत नाही. आम्ही पुलावरून बघितलं, ती आकाशातून बघतात. अंतर वाढलं, सवय तीच.

आता जरा वसगड्याला जाऊ. इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ साली सुरू झाली, २०२१ पर्यंत चालली, आणि राणादाचा वाडा करवीर तालुक्यातल्या वसगड्यात होता. मालिका भरात असताना आमच्याकडं पाहुणे आले की पूर्वीचा क्रम बदलला. आधी अंबाबाई, मग वाडा, वेळ उरला तर पन्हाळा. माझी पुण्याची मेहुणी आली, तिला घेऊन मीही गेलो. खोटं कशाला बोलू, मलाही बघायचा होता. (हशा)

तिथं मी वाड्यापेक्षा लोकांकडं जास्त बघत होतो. कुणी वाड्याची कमान, लाकूडकाम, जोतं असलं काही बघत नव्हतं. सगळ्यांचा एकच उद्गार: "हीच ती पायरी! इथंच बसतो तो!" आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. कारण हे वाक्य आमच्या शास्त्रात दीड-दोन हजार वर्षं चघळलं गेलंय. 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. पूर्वी कुठंतरी पाहिलेला माणूस आज समोर दिसतो आणि आपण म्हणतो, अरे, हा तोच! याला म्हणतात प्रत्यभिज्ञा, ओळख पटणं. नैयायिक म्हणतात हेही प्रत्यक्षच, फक्त जुना संस्कार मदतीला आलेला. बौद्ध म्हणतात छे, इथं दोन गोष्टी आहेत, एक आठवण आणि एक दर्शन. तुम्ही त्यांची उगाच गाठ मारलीय.

वसगड्यात मला पहिल्यांदा बौद्धांचं म्हणणं पटलं. लोक तिथं बघायला आलेच नव्हते, ओळखायला आले होते. घरच्या पडद्यावर जे आधीच पाहिलंय त्याच्यावर शिक्का मारायला. शिक्का मारला, फोटो काढला, गाडीत बसले. आणि पन्हाळ्यावर तरी वेगळं काय होतं? तीन दरवाजासमोर एक पोज, बाजीप्रभूंच्या पुतळ्याखाली एक, झुणका-भाकर, परत. अंबरखान्याच्या त्या प्रचंड कोठारांत आत शिरून वर बघितलं तर कळतं की वेढा सोसायचा म्हणजे आधी धान्य साठवायचं असतं, शौर्य नंतर. पण ते कुठल्या पडद्यावर आधी दिसलेलं नाही, म्हणून ओळखायला काही नाही, म्हणून आत कुणी थांबत नाही. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. आनंद आहे. गर्दी वाढेल. कोठारात किती जण थांबतील ते बघू.

पण मालिकेवर तेवढंच बोलून थांबलो तर अन्याय होईल. राणादानं एक मोठं काम केलं. मराठी पडद्यावर गावाकडची बोली बहुतेक दोघांच्याच वाट्याला यायची: खलनायक पाटील नाहीतर हसवणारा नोकर. नायक मात्र शुद्ध बोलणार. इथं पहिल्यांदा रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात एक नायक आला, जो आपल्यासारखं बोलतो आणि त्याबद्दल त्याला लाज नाही. 'चालतंय की' हे दोन शब्द नागपूरपर्यंत गेले. माझ्या पिढीनं पुण्यात शिकताना आपली बोली गिळली, वसतिगृहात 'काय करालाईस' म्हणालो तर खोली हसायची. त्या पिढीला हे बघून बरं वाटलं. मलाही वाटलं. ते मी नाकारत नाही.

माझी तक्रार पुढची आहे. दार उघडलं ते चांगलं, पण दारातून बोलीचा केवढा भाग आत आला? तिखट, रांगडा, मोठ्या आवाजाचा. आणि शिकलेली शहाणी नायिका परत प्रमाण मराठीतच. आता बोर्ड बघा आपल्या शहरात, बोलणं ऐका. 'नाद खुळा', 'काटा किर्र', 'जाळ अन् धूर संगटच'. हॉटेलात तांबडा रस्सा पूर्वीपेक्षा तिखट होत चाललाय, कारण बाहेरून येणाऱ्याला 'कोल्हापुरी' हवं असतं. अहो, पांढरा रस्सा आपलाच ना? नारळाचं दूध, खसखस, किती सौम्य पदार्थ! त्याच्यावरनं आपला स्वभाव कुणी सांगत नाही. (हशा) आपण आपल्या चित्रासारखं दिसायला लागलोय. देवदत्तच आता आरशात बघून देवदत्त होण्याचा सराव करतोय.

बोलीची जी गोष्ट मला सगळ्यांत प्यारी, ती मला मालिकेत फारशी ऐकूच आली नाही. आपल्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जाऊन येतो' म्हणतात. माझी आई तशी बोलायची, बायको आजही बोलते. लग्नानंतर एकदा पुण्यात नातेवाइकांकडं ती म्हणाली, "मी भाजी घेऊन आलो." घरभर हशा. त्यानंतर तिथं गेली की ती कमी बोलायची. पन्नास वर्षं होत आली, अजून कमी बोलते. 'चालतंय की' गाजलं त्या वर्षी त्याच घरातल्या नातवानं तिला गमतीनं म्हटलं, "आजी, कोल्हापुरी बोल ना." ती म्हणाली, "काय बोलू? मी बोलतो ती नको हाय तुम्हाला."

आनंद यादवांचा 'गोतावळा' १९७१ चा. अख्खी कादंबरी शेतगड्याच्या तोंडून, कागल भागाच्या बोलीत. ट्रॅक्टर आल्यावर मळ्यातली जनावरं जातात आणि त्या गड्याचा संसारच जणू उठतो. ती बोली तिथं आरोळी ठोकत नाही, कुरकुरते, मायेनं बोलते, एकटी पडते. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची कथा घ्या; विनोद आहे, पण माणसाला विनोदासाठी वापरून फेकलेलं नाही. म्हणजे साहित्यात हे झालेलं होतं. पडद्यावर आणताना आपण त्यातलं मीठ-मिरची तेवढी उचलली.

आणि पडद्याचा इतिहासही याच गावाचा. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२५ ला 'सावकारी पाश' केला. व्ही. शांताराम त्यात तरुण शेतकरी. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो मुंबईला गिरणीत. मूकपट, त्यामुळं बोलीचा प्रश्नच नाही. एकही 'कोल्हापुरी' शब्द नाही. तरी रात्रीची झोपडी आणि रडणारं कुत्रं एवढ्यात या मातीतला माणूस दिसला. कोल्हापूरनं पडद्यावर दाखवलेला शेतकरी आधी कर्जात बुडालेला होता. नव्वद वर्षांनंतरचा आपला शेतकरी वाड्यात राहतो, तालीम करतो आणि कर्जाचं नाव क्वचित काढतो. राणादानं सुखात असू नये असं माझं म्हणणं नाही. पण उसाचं बिल कधी मिळणार, हा प्रश्न ज्या गावात रोज चावडीवर असतो तिथंच चित्रीकरण करून तो चौकटीबाहेर ठेवायला बरंच कौशल्य लागतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा बोलायला मला जड जातो. ८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती, आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, शेजारी १९१२ चं खासबाग मैदान. मी रात्री गेलो. हो, बघायला गेलो. खूप लोक होते. मोबाईल वर होते, पण एक फरक मी पाहिला: चित्रीकरण करता करता हात खाली येत होते. तबला वाजवणारे, पडदे ओढणारे, रंगभूषा करणारे लोक रडत होते आणि त्यांच्याकडं कॅमेरा धरायचं धाडस होत नव्हतं. पुराच्या काठावर जे घडलं नाही ते इथं घडलं. का? मला वाटतं, इथं कुणी बाहेरचा नव्हता. प्रत्येकानं त्या खुर्च्यांत बसून काहीतरी पाहिलेलं होतं. मी माझं पहिलं संगीत नाटक तिथं पाहिलं, वडिलांच्या मांडीवर झोपून. (हशा)

मागणी लगेच आली: जसं होतं तसं बांधा. कामही सुरू झालं. दगड, लाकूड, कमानी, सगळं जुन्यासारखं होईल. चांगलंच आहे. पण 'तेच हे नाट्यगृह' असं आपण कशावरनं म्हणणार? दर्शनी भिंतीवरनं म्हणालो तर ती वसगड्याची पायरी झाली. केशवराव ३१ व्या वर्षी गेले, १९२१ ला. त्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांबरोबर मुंबईत 'संयुक्त मानापमान' केलं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नट एका रंगमंचावर. लोक ते 'ओळखायला' गेले नव्हते, कारण तसं आधी कधी झालेलंच नव्हतं. आग लागण्याआधीच्या काही वर्षांत याच नाट्यगृहात आपण काय बघत होतो ते आठवा. मालिकेतला ओळखीचा चेहरा असेल तर तिकीट संपणार. आपल्याच एखाद्या पोरांच्या संस्थेची नवी एकांकिका असेल तर पहिल्या तीन रांगा, त्याही नटांच्या मावश्यांच्या. (हशा) त्या रिकाम्या खुर्च्या आगीत गेल्या नाहीत, त्या आधीपासनं होत्या. आणि त्यात मीही धरून बोलतोय, निवृत्तीनंतर मी तिथं किती नवी नाटकं पाहिली ते बोटांवर मोजता येईल.

परवा रंकाळ्यावर फिरताना बायकोला विचारलं, नाट्यगृह उघडलं की पहिल्या दिवशी येणार का? संध्यामठ पाण्यात बुडालेला होता, आजूबाजूला भेळ खाणारी, फोटो काढणारी गर्दी. ती म्हणाली, "उद्घाटनाला नको, मंत्र्यांची गर्दी असती. चांगलं नाटक लागलं की सांगा, मी येतो."

संयोजक घड्याळ दाखवायला लागलेत. प्रश्न असतील तर घेऊ. मागं माईक द्या जरा, त्या ताई कधीपासनं हात वर करून बसल्यात.