‘विषमता’ : एका शब्दाची चिकित्सा

मराठी वैचारिक लेखनात ‘विषमता’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. आम्हांस ती भासते.

कानाला या शब्दात ‘विष’ ऐकू येते. व्युत्पत्ती निराळी आहे. ‘सम’ला ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विषम’ सिद्ध झाला. जे सारखे नाही, ते विषम. विषम संख्या, विषमभुज त्रिकोण, विषम हवामान या प्रयोगांत कोणाचाही दोष अभिप्रेत नाही. नागपूरचा उन्हाळा मुंबईपेक्षा कडक, कारण तेथून समुद्र दूर आहे. परंतु हाच शब्द माणसामाणसांतील अंतरास लावला, की निसर्गाची ही निरागसता त्याच्यासोबत येते. ‘समाजात विषमता आहे’ असे म्हटले, की ती निर्माण करणारा कोणी उरतच नाही.

महाडचेच उदाहरण घ्या. ‘तेथे पाण्याबाबत विषमता होती’ हे विधान खोटे नाही. पण ते किती थोडे सांगते! सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही 1924 साली चवदार तळे खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह करीपर्यंत अस्पृश्यांस ते पाणी घेता आले नव्हते. येथे उणीव पाण्याची नव्हती, कायद्याचीही नव्हती. अडविणारी माणसे होती.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ या अर्थाची संज्ञा योजली. त्या एका विशेषणाने शब्दाची संदिग्धता गेली. श्रेणी म्हटली, की ती रचणारे हात आले. पायरीवर उभा असलेला आणि पायरीखाली दडपलेला, दोघेही दिसू लागले. संविधानाच्या 38व्या अनुच्छेदात 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने आलेले कलमही असाच विवेक करते. उत्पन्नातील विषमता कमी करावी, असे ते सांगते. दर्जा, सुविधा व संधी यांतील विषमता मात्र नाहीशी करण्याचा प्रयत्न करावा, असे सांगते.

‘विषमता’ टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. लेखकाने ती कोणाकोणांत, कशाची आणि कोणी राखलेली, एवढे तिच्यासोबत लिहावे. तेवढे न लिहिता केलेला विषमतेचा निषेध हा हवामानाविषयीच्या तक्रारीहून फारसा वेगळा ठरत नाही.