धर्माचे शिक्षण आणि शाळेची पडवी

राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये जाहीर झाला आणि त्यावर हरकती व सूचना मागवण्यात आल्या. त्या जाडजूड दस्तऐवजातली दोनच स्थळे महाराष्ट्राने वाचली. एक, मूल्यांविषयीच्या प्रकरणात उद्धृत केलेला मनुस्मृतीतला श्लोक; दुसरे, मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची शिफारस. महाडला आंदोलन झाले, मंत्र्यांना खुलासा करावा लागला. पुढच्या वर्षी वाद हिंदीच्या सक्तीकडे वळला आणि धर्मशिक्षणाची चर्चा अर्ध्यावरच राहिली.

त्या चर्चेत मला एक उणीव जाणवली. बाजूचे आणि विरोधातले, दोघेही भांडत होते ते ‘कोणता ग्रंथ?’ या प्रश्नावर. शिक्षकाला दिशा दाखवणाऱ्या दस्तऐवजाने आधी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. तो ग्रंथ समोर आल्यावर मुलाने वर्गात करायचे काय? तो म्हणायचा, की वाचून त्याविषयी प्रश्न विचारायचे?

हा भेद मी नव्याने काढलेला नाही. संविधानाचे अठ्ठाविसावे कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करते. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते संमतीवाचून लादता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाची लागते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ यांत फरक केला. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये तोच धागा धरला आणि धर्मांचा अभ्यास करण्यास संविधानाची आड नाही, असे म्हटले. म्हणजे दार उघडे आहे; पण ते अभ्यासासाठी. पाठांतर त्याच दारातून आत येते का, हे मसुद्याने स्पष्ट करायला हवे होते.

प्रश्न जुनाच आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले. बायबल ग्रंथालयात ठेवावे, कुणाला शंका विचारायच्या असतील तर त्याने शाळेच्या वेळेबाहेर शिक्षकाला विचाराव्यात, अशी ती तडजोड होती. १८८२ च्या हंटर आयोगाने महाविद्यालयांसाठी, सर्व धर्मांना चालेल असे नीतिशिक्षणाचे पाठ्यपुस्तक सुचवले. त्या शिफारशीला आयोगातल्या ज्या सदस्यांनी विरोध नोंदवला, त्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. त्याच वर्षी मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले होते. गीतेवर इतके परिश्रम घेतलेला माणूस सरकारी नीतिपुस्तकाला विरोध करतो, यात मला विसंगती दिसत नाही. ग्रंथावर प्रेम असणे आणि तो सरकारी हुकमाने शिकवला जाणे, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या ठेवता आल्या.

आता मनुस्मृतीच्या श्लोकाकडे येऊ. थोरांना नित्य वंदन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते, असा त्याचा आशय. यात वावगे काय, असे अनेकांनी विचारले. उत्तरासाठी दोन पानेही उलटावी लागत नाहीत. हा श्लोक दुसऱ्या अध्यायातला, उपनयन झालेल्या ब्रह्मचाऱ्याला वंदनाचे नियम सांगणाऱ्या भागातला आहे. पाचच श्लोक पुढे सांगितले आहे, की वंदनाला प्रतिवंदन कसे करावे हे ज्या विप्राला कळत नाही त्याला विद्वानाने वंदन करू नये, कारण तो शूद्रासारखाच. त्यानंतर लगेच चार वर्णांना क्षेमकुशल विचारण्याचे चार वेगळे शब्द येतात. म्हणजे ज्या आदराचा धडा मुलांना द्यायचा, तो मूळ जागी वर्णाच्या पट्टीने मोजलेला आहे. सुटा उचललेला श्लोक खोटा नसतो, पण तो अर्धा असतो. नववीच्या वर्गात हे सगळे श्लोक एकत्र ठेवून ‘इथे आदर कुणाला, आणि का?’ असे विचारले, तर तो इतिहासाचा उत्तम तास होईल. परिपाठात एकच श्लोक म्हणवून घेतला, तर तो तास कायमचा हुकला.

असा तास कसा असू शकतो, हे रत्नागिरी जिल्ह्याला बाहेरून शिकायला नको. महामहोपाध्याय पां. वा. काणे याच मातीतले. काही काळ ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षकही होते. १९३० पासून १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांनी मनुस्मृतीचा काळ ठरवला, पाठभेद आणि भाष्यकारांचे मतभेद मांडले, आचार कसे बदलत गेले ते दाखवले. तिचे पठण करा किंवा ती जाळा, असे काही न सांगता त्यांनी तिला तारीख दिली. दुसरीकडे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले, ती हीच स्मृती; आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली ते झाले त्या डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, याच जिल्ह्यात आहे. इथल्या मुलाला काण्यांचा ग्रंथ आणि महाडचा अग्नी, दोन्ही समजले पाहिजेत. पाठांतराने त्यांतले एकही समजत नाही.

मनाच्या श्लोकांविषयीचा आक्षेप मात्र मला सरसकट मान्य नाही. रामदास हे मराठीचे धन आहे, आणि ते उर्दू शाळेतल्या मुलालाही भेटले पाहिजेत. तसेच फादर स्टीफन्स आणि शेख महंमद इतरांना भेटले पाहिजेत. ‘बालभारती’ने संतकाव्य अनेक वर्षे हेच भान ठेवून शिकवले आहे: शब्दार्थ, भावार्थ, स्वाध्याय. मराठीच्या तासाला रामदास साहित्य असतात. सामूहिक पठणात तेच श्लोक उपासनेकडे झुकतात. शब्द तेच राहतात, मुलाचे काम बदलते. उलट धर्माविषयी मौन पाळणे हाही उपाय नाही. शिमग्याची पालखी आणि हातिसच्या पीर बाबरशेखांचा उरूस मुले पाहतातच. उरुसात हिंदू ग्रामस्थांचा पुढाकार का असतो, हा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही, एवढेच.

राहिला संमतीचा मुद्दा. ज्याला नको त्याने म्हणू नये, असे सहज म्हटले जाते. पण म्हणायचे नसलेले मूल त्या दहा मिनिटांत बसणार कुठे? आमच्या जिल्ह्याला या प्रश्नाचा इतिहास आहे. १८९० च्या दशकात दापोलीत स्थायिक झालेल्या निवृत्त महार सैनिकांनी नगरपालिकेच्या शाळेत मुलांना घ्यावे म्हणून अर्ज केले; तोडगा निघाला तो मुलांना पडवीत बसवण्याचा. पुढे रत्नागिरीत सावरकरांना, सर्व जातींची मुले वर्गात सरमिसळ बसावीत म्हणून मोहीम चालवावी लागली. पडवीतून वर्गात यायला मुलांना इतकी वर्षे लागली. त्यांच्यातल्या काहींना पठणापुरते पुन्हा पडवीत पाठवणारी सवलत कायद्याने निर्दोष असेल, पण शाळा म्हणून ती हार आहे.

म्हणून आराखडा पुन्हा लिहिताना ग्रंथांच्या यादीआधी तीन गोष्टी लिहाव्यात. धर्मविषयक मजकूर भाषा, इतिहास आणि नागरिकशास्त्र यांच्या तासातच शिकवावा. उतारा देताना त्याचा काळ आणि मागचा-पुढचा संदर्भ द्यावा. आणि ज्या कृतीतून एकाही मुलाला बाहेर बसावे लागेल, ती कृती शाळेच्या वेळात नसावी. या तीन कसोट्या लावल्यावर गीता राहील, कुराण राहील, मनुस्मृतीही राहील. दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना त्यांतले काय, कसे शिकवायचे हे कळेल, आणि सगळी मुले वर्गातच असतील.